कापडावरचा उजेड

सुरुवातीलाच सांगतो... भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि आजही आहे असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. मी मेहकरचा शाळामास्तर. फावल्या वेळात नागपूरच्या एका साप्ताहिकासाठी सिनेमाचे रिव्ह्यू लिहितो. लिहितो म्हणजे काय — बहुतेक वेळा पिसंच काढतो. त्याचा मला भारी अभिमान होता.

बोलपट यायच्या आधीची गोष्ट. मोताळ्याच्या बाजारात तंबूत एक मुका भूतपट लागला होता. तेव्हा पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या वाचून दाखवी, गोष्ट समजावून सांगे. लोक त्याला सांग्याच म्हणत. विहिरीतून हडळ वर यायची वेळ झाली की तो बायकांकडे वळून म्हणे, "भेऊ नका माय, कापडावरचा उजेड हाये तो!" मला आयतंच सापडलं! मी लिहिलं — चित्र इतकं टुकार की शेंबड्या पोरालाही भीती वाटू नये, आणि वर हा बडबड्या लोकांना धीर देतोय. मित्रांनी पाठ थोपटली.

यंदा तोच तंबू तेच चित्र घेऊन पुन्हा मोताळ्यात आला. जुन्या चित्रांवर नव्याने लिहावं असं मनात होतं, म्हणून दिवेलागणीच्या खेळाला गेलो. टुकार म्हणण्यासारखं त्यात काहीच नव्हतं हो... हडळ आधी दिसतच नाही. नुसता दोर ताणला जातो, रहाट आपोआप फिरू लागतो. मी पडद्यावरची नजर खाली वळवली. तेवढ्यात पडद्याच्या डाव्या अंगाने तोच घोगरा आवाज आला —

"भेऊ नका गुरुजी, कापडावरचा उजेड हाये तो."

तिथे कोणीच नव्हतं. भास म्हणून सोडून दिलं असतं, पण मागे बसलेली एक बाई सासूला म्हणाली, "आत्याबाई, डोये मिटा, तो सांगून राह्यला ना!"

खेळ सुटल्यावर तंबूवाल्याला गाठलं. "आज सांग्या कुठे उभा होता?"

"सांग्या? त्याले वारून साल झालं गुरुजी. तुमचं ते छापून आलं अन् माह्या बापानं त्याले काढून टाकलं. मंग देऊळघाटले मजुरीले जाये. पर तुमच्यावर राग नव्हता त्याचा."

"काऊन नव्हता?" माझ्याही तोंडून तसंच निघालं.

"म्हने, गुरुजी पयल्या रांगेत लय भेले होते. तोंड बायकायकडे होतं, पर बोललो मी त्याहिच्यासाठीच."

खरं होतं ते. त्या दिवशी मी घामाने भिजलो होतो, आणि त्याच्या त्या एका वाक्यानेच जिवात जीव आला होता. ते कुणाला कळू नये म्हणून तर मी तसं लिहिलं!

आवाज कुठून आला, त्या बाईला तो कसा ऐकू गेला, मला आजही सांगता येत नाही. लाज मात्र वाटते. त्या तंबूत सगळ्यात जास्त मीच भ्यालो होतो, एवढं छापायला मला इतकी वर्षं लागली.