‘शाला’ म्हणणाऱ्या मुली

“तुम्ही आगरी? वाटत नाही हो बाई.”

कंपनीचे साहेब हसत म्हणाले. मीही हसले. कौतुक झाल्यावर हसतात तसं. वर “थँक्यू” म्हणाले. त्या थँक्यूची लाज अजून गेलेली नाही.

जागा आमच्या शाळेतली संगणक खोली. शाळा मराठी माध्यमाची, बदलापूर पूर्वेला, शिरगावच्या पुढे. एका अंगाला नवे टॉवर, दुसऱ्या अंगाला जुनं गाव. टॉवरमधली मुलं इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढतात. गावातली आमच्याकडे येतात. आनंदनगर एमआयडीसीतली एक कंपनी आठवीच्या वर्गाला टॅब देणार होती. कोणता टॅब, त्यात कोणतं सॉफ्टवेअर, हे त्या दिवशी ठरणार होतं. मराठीबरोबर संगणकही मीच शिकवते. माझा होकार लागणार होता.

उल्हासनगर कॅम्प चारमधले सिंधी दुकानदार दोन नमुने घेऊन आले होते. एक साधा. मराठी कीबोर्ड, लिहायची सोय, तक्ते करायची सोय, इंटरनेट नसलं तरी चालणारा. दुसरा बोलका. मुलाने बोलायचं, तो लिहिणार. शिवाय उच्चार तपासून मुलाच्या नावापुढे तारा देणार. बरोबर असेल तर हिरवा. चूक असेल तर लाल.

“साईं, हा पीस एक नंबर आहे,” दुकानदार साहेबांना म्हणाले. “नुसतं बोला नि बघा.”

साहेबांना ताऱ्यांचं फार अप्रूप. कोणतं मूल कुठे आहे ते हेड ऑफिसला एका नजरेत कळेल, म्हणाले.

मी सानिकाला बोलावलं. वर्गातली सगळ्यात धीट मुलगी. ती टॅबवर वाकली आणि एका दमात म्हणाली, “माजी शाला तल्याचे बाजूला हाय.”

पडद्यावर उमटलं: माझी साला.

खोली हसली. मुख्याध्यापक हसले. साहेब डोळे पुसत म्हणाले, “बाई, शिव्यापण शिकवता का?”

तारा लाल.

सानिका माझ्याकडे बघत होती. बाई काहीतरी बोलतील, असं तिला वाटत होतं. बाई बोलल्या.

“नीट बोल.”

हे दोन शब्द मला चौथीत मिळाले होते. गुरुजी फळ्यापुढे उभं करायचे. ‘ळ’ म्हण. मी ‘ल’ म्हणायचे. वर्ग हसायचा. घरी जाताना शेताच्या बांधावरून मी घोकत जायचे. बाळ, काळा, शाळा. एक दिवस जमलं. त्यानंतर मी आगरी आहे हे कोणी ओळखलं नाही. घरात एक जीभ, शाळेत दुसरी. याला मी प्रगती म्हणत आले.

सानिकाचं घर माझ्या माहेरच्या आळीतलं. ती भांबावून म्हणाली, “बाई, तुमी पन घरी असाच बोलताव ना?”

तेव्हा साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि ते वाक्य म्हणाले. वाटत नाही. मी थँक्यू म्हणाले. त्या मुलीच्या देखत.

“दुसरी बोलवा,” साहेब म्हणाले. “जरा शुद्ध बोलणारी.”

सानिका खाली मान घालून बाहेर गेली. जरा वेळाने मी दुसरीला बोलवायला दारात आले.

व्हरांड्यात पोरी रांगेत उभ्या होत्या. आतलं हसणं त्यांनी ऐकलं होतं. ओठ हलत होते. शा-ळा. शा-ळा. सानिका पुढे उभी राहून एकेकीकडून म्हणून घेत होती. आपल्यावर हसले तसे यांच्यावर हसू नयेत म्हणून. एकीचा ‘ल’ निघाला. सानिका तिच्यावर खेकसली, “नीट बोल.”

आवाज माझा होता. हुबेहूब.

मी कोणालाच घेतलं नाही. परत आत आले. टॅब पुढे ओढला.

“आता मी बोलते,” म्हटलं. आणि बोलले. “माजे आयशीनी मना शालेन घातली, म्हनून मी इतं उभी हाय.”

पडद्यावर ‘शालेन’चं ‘शालीन’ झालं. बाकीचं वाक्य वाचण्यासारखं उरलं नव्हतं. मराठीत एम.ए. झालेल्या बाईच्या नावापुढे लाल तारा.

या वेळी कोणी हसलं नाही.

“हा नको,” मी म्हणाले. “साधा द्या.”

“साध्यात आम्ही वर दाखवायचं काय?” साहेबांनी विचारलं.

“मुलं लिहितील ते.”

“मग राहू द्या. अंबरनाथच्या शाळा मागे लागल्यात आमच्या.”

मुख्याध्यापक हळूच म्हणाले, “बाई, जरा समजून घ्या.”

दुकानदार टॅबची काच पुसत होते. मान वर न करता म्हणाले, “माझी दादी यात बोलली ना साईं, तिलापण लालच येणार.” साहेबांनी ते ऐकलं नाही. किंवा ऐकून सोडून दिलं.

टॅब आले नाहीत. ना बोलके, ना साधे. मुख्याध्यापक माझ्याशी कामापुरतं बोलतात. माहेरी गेले की आळीत बायका अडवतात. “बाई, पोरांचं टॅब कवा येतीन?” मी नको म्हटलं, असं सांगते. का, तेही सांगते. काहींना पटतं. काही तोंड फिरवून जातात. त्यांच्या मुलांच्या हातात टॅब नाही, तो माझ्यामुळे. त्यांचा राग मला खोडता येत नाही.

सानिका आता ‘शाळा’ म्हणते. स्वच्छ. एकदाही चुकत नाही. मैदानात मैत्रिणींशी बोलतानासुद्धा नाही. मी दोनदा तिच्याशी आगरीत बोलून पाहिलं. तिने उत्तर पुस्तकी मराठीत दिलं. मला “मॅडम” म्हणाली. जे मी तिच्याकडून घेतलं, ते परत द्यायची रीत मला माहीत नाही.

मुख्याध्यापकांनी गळ घातली, म्हणून अंबरनाथमध्ये वाटप झालं की साहेब पुन्हा इकडे येणार आहेत. तोच टॅब घेऊन, तेच तारे घेऊन. या वेळी व्हरांड्यात पोरींची रांग लागणार नाही. पहिली मी बोलेन. दार उघडं ठेवून, सानिकाला ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या आयशीच्या बोलीत. एकच शब्द.

नाय.