बिल्ल्याला जागणारे केसरीमलजी

केसरीमलजींची आणि माझी पहिली भेट तापीकाठच्या आमच्या लहानशा स्टेशनावर झाली. मी तिथला स्टेशनमास्तर. ते नंदुरबारच्या एका मोठ्या जिनाचे, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्याचे, मॅनेजर होते. तिथली बंगल्यासकटची नोकरी सोडून ते आमच्या छोट्या रेल्वेचे व्यवस्थापक म्हणून आले होते. ही रेल्वे लोकांच्या कराच्या पैशातून उभी राहिलेली. तळोदा-शहाद्याकडची माणसे होडीने नदी ओलांडून येत आणि आमच्या गाडीने नंदुरबारच्या बाजाराला जात. केसरीमलजी आले तेव्हा त्यांच्या काळ्या टोपीवर रुईचे तंतू तसेच होते. डब्यात चढल्याबरोबर त्यांनी फाटक्या गादीतला कापूस दोन बोटांत ओढून पाहिला आणि धागा आखूड आहे म्हणाले. मी मनात म्हटले, झाले, हे गृहस्थ आता उतारूंच्याही गाठी बांधणार.

भीती मला एकट्याला नव्हती. त्यांच्या जुन्या शेठजींनी त्यांची जिनातली खुर्ची रिकामी ठेवली होती आणि बंगलाही अजून काढून घेतला नव्हता. चार दिवस सरकारी हौस पुरवून घ्या आणि परत या, असे त्यांनी सर्वांदेखत सांगितले होते. त्यामुळे रेल्वे नावाला लोकांची आणि कामाला कापसाची होणार, असे गावात बोलले जाई. त्यात यांची जीभ जिनातलीच. संध्याकाळी मला विचारायचे, “मास्तर, आज किती माल उतरला?” माल म्हणजे माणसे, हे समजायला मला काही दिवस लागले.

पण माणूस कसा आहे ते मला पहिल्याच ईदला कळले. नमाजासाठी मला पलीकडे शहाद्याला जायचे होते आणि बदली कोणी मिळेना. केसरीमलजी स्वतः आले, कोट खुंटीला अडकवला आणि तिकिटाच्या खिडकीशी बसले. मी परतलो तेव्हा गाडी चांगलीच रखडली होती, कारण साहेब प्रत्येक उतारूला त्याच्या शेतातल्या कपाशीची चौकशी करून मगच तिकीट देत होते. माझ्या मुलांसाठी त्यांनी खारकेची पुडीही आणली होती. ती त्यांनी उशीर झाल्याची भरपाई म्हणून माझ्या हातात दिली.

आता ज्या दिवसासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येतो. कापसाचा हंगाम भरात होता आणि आमचे एकच इंजिन चालू होते. ते एका फेरीत उतारूंचे डबे ओढी किंवा गाठींच्या वाघिणी. दोन्ही ओढण्याचा दम त्याच्यात नव्हता. बाजाराच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे तिकिटे दिली होती. डिंक, चारोळ्या, मोहफुले घेऊन डोंगरातली माणसे फलाटावर बसली होती. तेवढ्यात शेठजींच्या नदीपलीकडच्या दुसऱ्या जिनातून गाठी आल्या. त्या त्याच दिवशी नंदुरबारला मोठ्या गाडीवर चढवायच्या होत्या. खुद्द शेठजी बरोबर होते. केसरीमलजींनी त्यांच्या शब्दाखातर डबे सोडवून वाघिणी जोडायला सांगितल्या आणि मला उतारूंचे पैसे परत करायला सांगितले.

मी पैसे परत करू लागलो, तर कोणी घेईना. इंजिन संध्याकाळी परत येणार, तोवर बाजार उठून जाणार, हेही सांगून पाहिले. कोणी जागचे हलेना. केसरीमलजी स्वतः फलाटावर आले. पुढे एक म्हातारे गृहस्थ मुठीत तिकीट धरून बसले होते. त्यांना त्यांनी समजावून सांगितले. म्हातारबुवा शांतपणे म्हणाले, “बिल्ला दिधा ना तुम्हीन? मंग नंबर लागी. आम्ही बठेल शेतस.” म्हणजे, नंबर लागेलच, आम्ही बसलेलो आहोत.

हे ऐकून केसरीमलजींनी समजावणे सोडून दिले. ते का, हे सांगायला हवे. जिनात हंगामात बैलगाड्यांची रांग लागे, तेव्हा फाटकावर प्रत्येक गाडीवानाला टिनाचा बिल्ला देण्याची रीत त्यांनीच घातली होती. बिल्ला मिळाला की त्या गाडीचे माप त्याच दिवशी, मागून कितीही मोठा व्यापारी येवो. म्हातारबुवांनी त्या रांगेत अनेक हंगाम काढले होते. रेल्वेचे तिकीटही तोच बिल्ला, अशी त्यांची खात्री होती, कारण तिकीट माझ्या हातून मिळाले तरी साहेब तेच होते.

केसरीमलजींनी वाघिणी सोडवायला सांगितल्या. शेठजींनी त्यांना खुर्चीची आठवण करून दिली, आवाज न चढवता, आणि म्हणून ती जास्त लागली असावी. केसरीमलजी हात जोडून म्हणाले, “शेठजी, आपल्या फाटकावरून बिल्लेवाली गाडी मी कधी परत पाठवली नाही. हे फाटकही माझंच आहे.”

गाडी उतारूंना घेऊन गेली. गाठी राहिल्या. खुर्ची दुसऱ्याला मिळाली, बंगला सुटला, आणि आमचे साहेब दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आले. त्याबद्दल त्यांच्या तोंडून तक्रारीचे अक्षर मी ऐकले नाही. हंगामात बाजाराच्या दिवशी गाठी जोडायच्या नाहीत, हा नियम मात्र तेव्हापासून कायम झाला. त्या नियमाने आमच्या स्टेशनाला स्टेशनपण आले आणि मला माझ्या खिडकीशी ताठ मानेने बसता आले. त्यांचे हे ऋण मी मनापासून मानतो.

यंदा केसरीमलजींना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. ते आता निवृत्तीची भाषा करतात. परवा बाजाराला निघालेल्या त्या म्हातारबुवांच्या कानावर मी ही निवृत्तीची गोष्ट घातली. त्यांनी मुठीतले तिकीट मला दाखवले आणि ते पुन्हा जागेवर जाऊन बसले. साहेब, परमेश्वर तुम्हाला उदंड आयुष्य आणि धडधाकट शरीर देवो. आम्हा सगळ्यांच्या हातात तुम्ही दिलेला बिल्ला आहे, तेव्हा एवढ्यात फाटक सोडू नका. आम्ही बसलेलो आहोत.