बावीस पायल्या धान

पंच्याऐंशीच्या सुमाराला धाकटी जाऊ घरात आली, ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकलेली. तोवर आठ वर्षं कोठीतल्या धानाचा अंदाज सासूबाई मलाच विचारत. शाळा मी पाहिली नव्हती, पण माप माझ्या हातात होतं.

नणंदेच्या लेकाच्या बारशाला दोनशे माणसं जेवणार होती. पायलीभर तांदळात वीस जण जेवतात, म्हणजे तांदूळ दहा पायल्या. गिरणीत भरडल्यावर धानाचा तांदूळ निम्माच भरतो, म्हणजे धान वीस. वर एक पायली हाताशी धरून मी म्हटलं, "एकवीस."

जाऊ हळूच म्हणाली, "बाई, हाताशी तांदूळच पाहिजे ना? मंग आधी अकरा पायल्या तांदूळ धरा न् मंग दुप्पट करा. बावीस होते."

"पाय बरं, किती हुशार हाय!" सासूबाई म्हणाल्या. खरं सांगते, माझ्या अंगाची आग झाली.

पोतं मी भरत होते, ती पोत्याचं तोंड धरून उभी होती. एकविसाव्या पायलीला मी थांबले न् पोतं शिवून टाकलं.

मूल गावच्या गिरणीतून तांदूळ आला साडेदहा पायल्या.

"अर्धी पायली कुठी गेली वो?" सासूबाईंनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत जाऊ म्हणाली, "मोजणं माह्याकडं होतं, आई. मीच चुकली."

तिनं मला उघडं पाडलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "होते अशी चूक, पोरी."

मला आठ वर्षांत असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या.