जागेवरच्या फायली

"आई, एकही फाइल हरवलेली नाही. फक्त नावाप्रमाणे ओळीत लागल्यात," मुलगा तिसऱ्यांदा म्हणाला.

"मी नाव बघून काम करत नाही, जागा बघून करते."

आई घरी टायपिंगची कामं घ्यायची. घाईचं काम स्क्रीनवर डावीकडे वर, संपलेलं खाली कोपऱ्यात. मुलाने सकाळी कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि तिची सगळी मांडणी मोडली. संध्याकाळी एका बाईंचा प्रबंध द्यायचा होता, आणि आईच्या सगळ्या फायलींची नावं 'नवीन एक', 'नवीन दोन' अशीच होती.

"अशी नावं कुणी देतं का?" बाबा हसले. "थांब, चहा टाकतो." त्यांनी न बघताच फळीवरून साखरेचा डबा काढला.

"त्या डब्यावर काय लिहिलंय?" आईने विचारलं.

डबा कोरा होता. शेजारचे सगळेच कोरे होते. बाबांनी साखर घालून डबा पुन्हा त्याच जागी ठेवला, आणि मुलगा एकेक फाइल उघडून बघू लागला.

'नवीन सतरा'मध्ये प्रबंध सापडला. आईने तो ओढून डावीकडे वर नेऊन ठेवला.

"सिस्टीम राहू दे, दिसायला बरी आहे," ती म्हणाली. "पण आजपासून माझ्या फायली कुणी आवरायच्या नाहीत."