कात्रीबाईंचे प्रश्न

प्रश्न विचारून झाला की बाई स्वतःच्या ओठांवर दोन बोटं दाबून धरत. समोरच्याचं उत्तर संपेपर्यंत ती बोटं हलत नसत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, यांचा दात दुखतोय. आमच्या गावच्या एका आजोबांनी तर मुलाखत मध्येच थांबवून त्यांना लवंग देऊ केली होती. बाईंनी मान डोलावून लवंग घेतली, दाढेखाली धरली आणि बोटं पुन्हा ओठांवर ठेवली. दुसरा बोलत असताना आपल्या तोंडून चुकूनही काही निघू नये, यासाठी तो बंदोबस्त होता.

सांगलीच्या कॉलेजात त्या आम्हाला समाजशास्त्र शिकवत. सत्तर सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. कॉलेजला कुठून तरी स्पूलचा एक टेपरेकॉर्डर मिळाला होता आणि प्राचार्यांनी तो किमती वस्तूंच्या नशिबी येते त्या जागी, म्हणजे कुलूपबंद कपाटात, ठेवून दिला होता. बाईंनी भांडून तो बाहेर काढला. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी गावोगाव जाऊन माणसांच्या मुलाखती घ्यायच्या, फोटो काढायचे, मग टेप कापून-जोडून तासाभराचा कार्यक्रम बसवायचा आणि भिंतीवर फोटो दाखवत तो गॅदरिंगला ऐकवायचा, असा त्यांचा बेत होता. त्यावरून आम्ही त्यांना कात्रीबाई म्हणू लागलो. खरं तर त्यांच्या हातात कात्री मी कधी पाहिली नाही. टेप कापायला त्या दाढीचं अर्धं ब्लेड वापरत. पण ब्लेडबाई म्हटलं तर एसटी स्टँडवरच्या खिसेकापूसारखं वाटलं असतं.

कात्रीबाईंचा नियम एकच. विचारणाऱ्याचा आवाज टेपेत राहता कामा नये. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा माणूस आपण होऊन आपल्याशीच बोलतोय. "स्लॅब सुकेपर्यंत सेंटरिंग लागतं," त्या म्हणत. "मग ते काढून टाकायचं. कुणी घरात ठेवतं का?" आम्हा पोरांना आपला आवाज टेपवर ऐकायची कोण हौस! पहिल्याच दिवशी आम्ही आपापली नावं, गावं आणि दोन-दोन ओळींची भाषणं भरून ठेवली होती. बाईंनी ती आमच्यादेखत पुसली. वर म्हणाल्या, "तुमचं ऐकायला आयुष्य पडलंय."

मी कऱ्हाडजवळच्या एका गावचा. घरचा ऊस होता, त्यामुळे चिकाटीपेक्षा जोर जास्त. पहिली मुलाखत मी आमच्या भावकीतल्या एका निवृत्त हवालदारांची घेतली आणि रविवारभर बसून ती कापली. स्पूल हाताने मागे-पुढे फिरवायचा. मग आवाज आजारी रेड्यासारखा घोगरा होतो आणि शब्द कुठे सुरू होतो ते सापडतं. तिथे मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, खाचेच्या लाकडी पट्टीवर टेप बसवायची, ब्लेडने तिरका काप द्यायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. माझे सगळे जोड मोठे देखणे झाले होते. दुसऱ्या दिवशी ऐटीत टेप लावली. हवालदार म्हणाले, "व्हय." मग म्हणाले, "न्हाई." मग, "व्हय की." मग खोकले. मग पुन्हा, "व्हय."

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "अरे, ज्या प्रश्नाला व्हय म्हणून सुटता येतं, तो प्रश्न विचारूच नये."

"आवं बाई, पर हवालदारतात्या बोलतच न्हाईत. सोभाव हाय त्यांचा."

"बोलत नाही असं माणूस नसतं. तू थांबत नाहीस." आणि त्यांनी माझ्या ओठांवर माझीच दोन बोटं नेऊन ठेवली. मी पुन्हा गावी गेलो, एकच प्रश्न विचारला आणि गप्प राहिलो. बऱ्याच वेळाने तात्या जे बोलायला लागले, ते जेवणाची हाक आली तेव्हाच थांबले. त्यांच्या बायकोने दारातून डोकावून विचारलं, "ह्ये कवापासनं बोलाया लागलं?"

माणसाची भाषा बाई बदलू देत नसत. प्राचार्यांनी एकदा सुचवलं की बाहेरचे पाहुणे येणार, तेव्हा ते 'हाय' आणि 'न्हाई' जरा नीट करून घ्यावं. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, टेपेला शुद्धलेखनाचे मार्क नाहीत." मधल्या शांततेलाही त्या हात लावू देत नसत. माणूस बोलता बोलता थांबला तर ते थांबणं तसंच राहायचं. फक्त प्रश्न जायचे. बाई आमच्याबरोबर सगळीकडे येत आणि अवघड जागी, आमची जीभ रेटेना तिथे, प्रश्न त्याच विचारत. त्यामुळे सगळ्यात जास्त कापला जाई तो त्यांचाच आवाज.

कोरी टेप मिळणं मुश्कील होतं. म्हणून कापलेले तुकडे फेकायचे नाहीत, अशी बाईंची शिस्त. दिवसभर ते दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांना लटकत, संध्याकाळी एकमेकांना जोडले जात आणि पुढची मुलाखत त्याच टेपेवर भरली जाई. जोडांच्या जागी आवाज जरा अडखळायचा, पण चालून जायचं. बाईंच्या प्रश्नांवर पुढच्या माणसाची उत्तरं चढत. त्यात काही वाईट आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. उलट काटकसरीचं आम्ही कौतुकच करत होतो.

कोयनानगरला आम्ही एसटीने गेलो. घाटाच्या प्रत्येक वळणावर बाई गोधडीत गुंडाळलेला टेपरेकॉर्डर लेकरासारखा पोटाशी धरत. तिथे एक म्हातारी भेटली. भूकंपात तिचं घर बसलं होतं. मी मायक्रोफोन धरला, पण काय विचारावं ते सुचेना. बाईंनी विचारलं आणि बोटं ओठांवर ठेवली. म्हातारी जमिनीकडे बघत बोलू लागली.

"हालाय लागलं तवा मी म्हशीकडं भाईर आल्ते. सून आन् नातू आत हुतं. भिताड बसलं. धुराळाच धुराळा. मंग समदं गप झालं. आन् आतनं पोरगं म्हणलं, आजे. येकदाच म्हणलं. मी ऱ्हायले हितंच हुबी."

त्या 'आजे'वर बाईंच्या तोंडून 'हं' निघून गेला. बोटांच्या फटीतून निघाला म्हणा ना. आमच्यादेखत एकदाच त्यांचा बंदोबस्त मोडला.

सांगलीला परतल्यावर तो 'हं' काढायला आम्ही दोघांनी हरतऱ्हेचे प्रयत्न केले. तो नेमका 'आजे'च्या शेवटावर पडला होता. अलीकडे कापावं तर 'आजे' अर्धा राहतो, पलीकडे कापावं तर 'हं' जसाच्या तसा. बाईंनी टेप पुढे-मागे इतकी फिरवली की ती आता तुटते की काय, अशी मला भीती वाटली. शेवटी ब्लेड खाली ठेवून त्या म्हणाल्या, "नातवाची हाक मी कापणार नाही. राहू दे हा भातातला खडा." गॅदरिंगमध्ये तो भाग आला, भिंतीवर म्हातारीचा फोटो होता. 'आजे' आणि लगेच तो 'हं'. लोकांना वाटलं म्हातारीनेच नातवाला ओ दिली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बाई मात्र दाताखाली खरंच खडा आल्यासारख्या बसल्या होत्या.

मी पास झालो आणि कऱ्हाडला एका हायस्कुलात शिक्षक म्हणून लागलो. सुट्टीत सांगलीला गेलो की बाईंकडे डोकावत असे. त्या गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत, थोरल्या बहिणीकडे, माईंकडे राहत. एका वर्षी बाईंचा आवाज बसलेला दिसला. सर्दी म्हणाल्या. पुढच्या खेपेला तो आणखी बसला होता. मग मिरजेला तपासणी झाली आणि घशाच्या कॅन्सरचं निदान झालं. स्वरयंत्र काढावं लागणार होतं.

ऑपरेशनच्या आधी मी भेटायला गेलो. जे बोलायचं ते सगळं टाळून झाल्यावर मी म्हटलं, "बाई, कॉलेजातनं टेपरेकॉर्डर आणतो. थोडं बोला. काहीही बोला."

"माझं काय भरायचं त्यात? टेप काय वर आली आहे?" बाई म्हणाल्या.

मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे शेवटचं वाक्य.

ऑपरेशननंतर त्यांच्या गळ्याला भोक होतं आणि उशाशी शाळेतली पाटी. माई मला दारातच म्हणाल्या, "हाक मारल्याचा भास होतो रे, मी धावत येते. ती गप्पच असते." बाईंनी पाटीवर माझी, शाळेची चौकशी लिहिली. मी उत्तरं देत होतो आणि त्या नुसत्या मान हलवत होत्या. मग त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "माझा आवाज कुठे असेल का?"

ज्या बाईने आयुष्यभर स्वतःला कापून दोरीवर टांगलं, तिने हे विचारावं! "बघतो बाई, असेल की," असं मी म्हटलं. असणार कुठून?

कॉलेजात बाईंच्या जागी आलेले प्राध्यापक भले होते, त्यांनी कपाट उघडून दिलं. मी आठवडाभर रजा काढून एकेक स्पूल ऐकला. फलटणच्या साखर कारखान्यातला फिटर बोलला, कऱ्हाडच्या पेठेतले अडते बोलले, साताऱ्याकडच्या सैनिकांच्या बायका बोलल्या. आमचे हवालदारतात्याही बोलले, ते तर तोवर वारलेही होते. सगळा जिल्हा बोलत होता. बाई बोलायला हव्यात त्या जागी तिरका काप होता. काम इतकं चोख की श्वाससुद्धा राहिला नव्हता. असं सुबक काम करायला त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं, आणि त्या आठवड्यात मला त्याचा संताप आला. एखादा आळशी विद्यार्थी निघाला असता, एखादा प्रश्न कापायचा राहून गेला असता, तर काय बिघडलं असतं?

शेवटी कोयनानगरचा स्पूल तेवढा उरला. तो टेपरेकॉर्डरसकट टांग्यात घालून मी गावभागात नेला.

सकाळची वेळ होती. माई भाकरी थापता थापता उठून पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी टेप लावली. बाईंनी डोळे मिटले. म्हातारी बोलू लागली, भिताड बसलं, धुराळा झाला, समदं गप झालं. "आजे." आणि तो 'हं'.

बाईंनी डोळे उघडले. हवेत बोट गोल फिरवलं. टेप मागे घे, ही वर्गातली जुनी खूण. मी मागे घेतली. पुन्हा 'हं'. पुन्हा बोट फिरलं. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. बाईंच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना तो ओळखता येत नाहीये. आयुष्यभर दुसऱ्यांचेच आवाज ऐकले, स्वतःचा ओळखायचा कसा?

"तूच गं ती," माई दारातून म्हणाल्या. "आई हाक मारायची, तेव्हा अश्शीच ओ द्यायचीस."

मग बाई रडल्या. रडायलाही आवाज लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. खांदे हलत होते, तोंड उघडत होतं आणि खोलीत फक्त टेपरेकॉर्डरची घरघर होती.

थोड्या वेळाने त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "पुढे जाऊ दे. म्हातारीचं पुरं होऊ दे."

मी टेप पुढे सोडली. बाई उशीला टेकल्या आणि त्यांनी दोन बोटं ओठांवर दाबून धरली. थोपवायला आता आत काही उरलं नव्हतं. तरीही म्हातारीचं बोलणं संपेपर्यंत ती बोटं हलली नाहीत.

उन्हाळा लागायच्या आत बाई गेल्या. माईंना मी पाटीबद्दल विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पुसली रे. कशाला ठेवायची?" तो 'हं' तरी ऐकवता आला, असं लोक मला समाधानाने सांगतात. मला त्यात समाधान वाटत नाही. एका माणसाच्या सगळ्या बोलण्यातून एवढंच उरावं, आणि तेही चुकून, यात बरं वाटण्यासारखं काय आहे?

त्यांची वाक्यं मला पाठ आहेत. सेंटरिंगचं आहे, शुद्धलेखनाचं आहे, भातातल्या खड्याचं आहे. कुणी म्हटलं तर आत्ता सगळी म्हणून दाखवीन. आवाज तेवढा येत नाही. डोळे मिटून आठवायला बसलो की "टेप काय वर आली आहे?" हे शब्द नीट ऐकू येतात, पण ते कोयनानगरच्या म्हातारीच्या आवाजात येतात.