मागून येणारीसाठी ठेवलेली भाजी

ऊसतोडीचा ट्रक सुरू झाला तरी आईचा पत्ता नव्हता. मुकादम शिव्या घालत होता. तेवढ्यात ती माळावरून धापा टाकत आली आणि लुगड्याच्या ओट्यातली पाथरीची भाजी माझ्या पदरात ओतली. "तिकडं मिळंल का न्हाई कुनास ठावं," म्हणाली. सगळा ट्रक बघत होता. मला लाज वाटली.

आमच्या गावाकडे, चकलांब्याला राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून आलेल्या बायांनो, दुष्काळात आपण कशावर जगलो हे तुम्हाला सांगायला नको. पाथरी, घोळ, तांदुळजा. आई कधी मूळ उपटू द्यायची नाही, नुसते शेंडे खुडायचे. "रानातल्या भाजीला मालक नसतो, पर मागून येनारी बाई असती," असं ती म्हणायची.

आम्ही साखर कारखान्याच्या गावातच राहिलो. नवरा एका बागायतदाराकडे सालगडी झाला. पत्र्याची खोली, गॅस, मिक्सर, सगळं आलं. भाजी मात्र बाजारातून विकत. तिकडे भावाने उसाच्या नादात माळ जेसीबीने सपाट केला, बोअर पाडली. बोअर आटली आणि भाजीही गेली. मग आईला इकडे आणलं.

दुसऱ्याच दिवशी ती उसाच्या बांधावर गेली. इतका कोवळा तांदुळजा तिने जन्मात पाहिला नव्हता. शेंडे तेवढे खुडून हसत घरी आली. आदल्या दिवशी तिथे तणनाशक मारलं होतं. फवारलेलं तण लगेच पिवळं पडत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या कोरडवाहू रानात फवारणी कुणी केली होती? मी कामावर होते. आईने भाजी करून आधी नातीला वाढली.

पोरगी सलाईनवर होती तेव्हा आई दवाखान्याच्या पायरीवर बसून एकच म्हणत होती, "म्या चांगली भाजी वळखली व्हती गं."

पोरगी वाचली. आई आता बांधावरून चालताना खाली बघत नाही. पूर्वी मला घर म्हटलं की गाव आठवायचं. आता वाटतं, जिथे आई वाकून खुडेल ते बिनघोर खाता यायचं, ते घर. तसं रान आता तिकडे नाही, इकडेही नाही. काल मी बाजारातून मेथी आणली. आईने जुडी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि मला विचारलं, "ही खायाची हाय का गं?"