गुरुवारचे पाणी

जपानमधल्या कामेझावा गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर एक पाटी आहे. पाटीवरचे अक्षर शिगेनोआजींचे. “पाणी थंड करू नये. सोसत नसेल त्याने काठावर बसावे.” खाली तारीखही आहे, कारण तारखेशिवाय काही लिहायचे नाही ही आजींची शिस्त. पोस्टात तेहेतीस वर्षे काढलेली बाई.

कुंडाचे पाणी सेहेचाळीस अंश. बाहेरगावचा माणूस पाय बुडवतो, काढतो, आणि कोपऱ्यातल्या थंड पाण्याच्या नळाकडे बघतो. तो नळ लाद्या धुण्यासाठी आहे. पाहुण्याचा हात तिकडे वळला की आजी दाराच्या पडद्याआडून खाकरत. तेवढ्यावर भागत असे. नाही भागले तर इसोजीकाका होतेच. काका आजींचे शाळासोबती, मान बुडेपर्यंत पाण्यात बसलेले, उकडलेल्या खेकड्यासारखे लाल. ते म्हणत, “आमच्याकडे बारशाला पोरांना यात बुडवतात.” हे खोटे होते, पण पाहुणे नळ सोडून देत.

कुंड गावाच्या मालकीचे. सात घरांनी सात वार वाटून घेतलेले. ज्याचा वार, त्याने पहाटे साडेचारला येऊन फरशी घासायची, आणि कष्टाचा मोबदला म्हणून पहिली बुडी त्याची. मंगळवार इसोजीकाकांचा, गुरुवार शिगेनोआजींचा. त्यानंतर साडेपाचला, वार कोणताही असो, आजी तापमापक घेऊन हजर. पाण्याचे तापमान वहीत लिहायचे आणि महिनाअखेर त्या पानांची नक्कल डोंगरापलीकडच्या विद्यापीठाला पाठवायची. हे काम अकरा वर्षांपूर्वी विद्यापीठाने गावाकडे मागितले आणि गावाने, न विचारता, आजींकडे दिले.

वहीत चार रकाने: तारीख, वेळ, तापमान, शेरा. शेऱ्याचा रकाना अकरा वर्षे कोरा होता.

ऑक्टोबरात विद्यापीठाचे तोगाशी सर आले. वय छत्तीस, चष्म्यावर वाफ, हातात अक्रोडाच्या मिठाईचा डबा. डबा दोन्ही हातांनी आजींपुढे ठेवून ते तीनदा वाकले, तेव्हाच आजींना संशय आला.

“आजी, तुमच्या आकड्यांत ताल सापडलाय,” सर म्हणाले आणि त्यांनी आलेख पसरला. “हे बघा. तीन वर्षं झाली, दर सात दिवसांनी तापमान पाऊण-एक अंशानं खाली येतं. एकही आठवडा चुकत नाही.”

“कोणत्या वारी?” इसोजीकाकांनी विचारले.

“गुरुवारी.”

आजींनी मिठाईच्या डब्याची दोरी सोडायला घेतली. गाठ साधी होती, पण सुटेना.

सरांचा सिद्धांत असा. वरच्या धरणातून दर बुधवारी पाणी सोडतात. त्या वजनाने खडकावरचा दाब बदलतो आणि रात्रभरात तो कुंडाच्या झऱ्यापर्यंत पोचतो. असे जगात कुणी दाखवलेले नाही. विद्यापीठाच्या वर्षाच्या शोधनिबंधांच्या यादीत अशी एक नोंद पडली की झाले. “माझी नेमणूक पाच वर्षांची आहे,” सर हळूच म्हणाले, “मार्चमध्ये संपते. आता हा निबंधच काय तो.”

“बघ शिगेनो,” काका म्हणाले, “आपल्या पाण्याला नाडी आहे. मी आधीपासून म्हणत होतो.”

“तू आधीपासून पुष्कळ म्हणतोस,” आजी म्हणाल्या.

खरी गोष्ट फक्त आजींना ठाऊक होती. तीन वर्षांपूर्वी पहिल्या बुडीत त्यांना भोवळ आली. डॉक्टरने सांगितले, बेचाळीसच्या वर पाणी नको. तेव्हापासून आजी घरच्या टबात अंघोळ करत. पण गुरुवारची पहिली बुडी, रिकामे कुंड, छपरातून वर जाणारी वाफ, ते काही सुटेना. म्हणून गुरुवारी पहाटे त्या आपल्या कोपऱ्यातला थंड नळ सोडत. तीन मिनिटे, घड्याळ लावून. मग त्या नळाशी टेकून, तिथल्या तेवढ्याच कोमट पाण्यात मनसोक्त बसत, अंग पुसत, आणि साडेपाचला तापमापक बुडवून जो आकडा येईल तो लिहीत. आकडा त्यांनी कधी खोटा लिहिला नाही. याचा त्यांना अभिमानच होता.

आता काय करावे? सांगावे, तर पाटीची लाज. न सांगावे, तर या गरीब माणसाचा जगात कुणी न केलेला शोध आपल्या नळावर उभा. “निबंध चुकीचा निघाला तर काय होतं हो?” त्यांनी विचारले.

“कुणीतरी दुसरा दाखवून देतो. सगळ्यांसमोर.”

आजींनी मधला मार्ग काढला. पुढच्या गुरुवारी नळाला हात लावला नाही. फक्त पाय बुडवले, दात आवळून. आकडा आला सेहेचाळीस पूर्णांक दोन. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तोच. ताल आपोआप मोडेल, सर हिरमुसतील, विषय संपेल. आता दर आठवड्याला आकडे मागणाऱ्या सरांना त्यांनी ते कळवून टाकले.

तिसऱ्या गुरुवारी पहिल्याच बसने सर आले. दाढी वाढलेली, मिठाई नाही.

“आजी, ताल तुटलाय. धरणवाल्यांना विचारलं, त्यांनी पाणी नेहमीसारखं सोडलंय. म्हणजे खडकातच काहीतरी सरकलंय.” त्यांनी दप्तरातून एक लिफाफा काढला. “भूकंपाची पूर्वसूचना असू शकते. प्रांताच्या आपत्ती कार्यालयाला पत्र लिहिलंय. गाव रिकामं करावं लागेल का, तेही विचारलंय.”

आजींनी लिफाफा पाहिला. मग वही आणली, पडद्याबाहेरच्या शेगडीपाशी बसल्या आणि पेनाचे टोपण काढले. तीन वर्षांचे गुरुवार म्हणजे दीडशेच्या वर. त्या एकेक पान उलटून शेऱ्याच्या रकान्यात लिहू लागल्या. सरांना वाटले, म्हातारी घाबरून काहीतरी हिशेब करते आहे. दहाव्या ओळीवर त्यांनी वाकून वाचले.

“थंड नळ, तीन मिनिटे. शिगेनो.”

पुढच्या गुरुवारीही तेच. त्याच्या पुढच्याही.

“पत्र परत ठेवा सर,” आजी म्हणाल्या. “जमीन जागच्या जागी आहे. मी हलले होते.”

सर खाली बसले. “प्रत्येक वेळी तीनच मिनिटं?”

“घड्याळ लावून.”

“म्हणून इतका सुंदर आलेख येत होता,” सर म्हणाले, आणि ते रडतात की हसतात हे आजींना कळेना. तेवढ्यात मागे पडदा हलला. काका टॉवेल डोक्यावर घेऊन उभे होते, कान टवकारलेले.

“कोमट शिगेनो,” काका प्रेमाने म्हणाले.

संध्याकाळपर्यंत गावभर झाले. भाजीवालीने आजींना विचारले, मुळा थंड देऊ की गरम. काकांनी नळाला लाल फीत बांधली आणि वर चिठ्ठी लावली, “राखीव.” आजींनी फीत सोडली, घडी केली आणि खिशात ठेवली. पाटी मात्र उतरवली नाही. नियम बरोबरच होता. मोडणारी चुकली होती.

सर डिसेंबरात पुन्हा आले, या वेळी मिठाईसकट. गुरुवार सगळे वगळून त्यांनी अकरा वर्षे पुन्हा मांडली होती. बर्फ वितळताना एप्रिलमध्ये पाण्याचे तापमान किंचित उतरते, एवढेच हाती लागले. निबंध लहान होता, विद्यापीठाच्याच वार्षिकात येणार होता, पण वरच्यांनी एक वर्ष वाढवून दिले होते. लेखक दोन. दुसरे नाव शिगेनोआजींचे.

“माझं कशाला?”

“दुरुस्ती तुम्ही केलीत. कुणी आपणहून करत नाही.” सरांनी आवाज उतरवला. “आणखी एक आहे, आजी. तुमचा गुरुवार काढल्यावर खाली एक बारीक ताल दिसतो. अंशाचा तिसरा हिस्सा. तुमच्याही आधीचा, वही सुरू झाली त्या आठवड्यापासूनचा. मंगळवारी कुंडावर कोण असतं?”

पडद्यापलीकडून काकांचा आवाज येत होता. ओसाकाच्या एका पाहुण्याला ते सांगत होते, “आमच्याकडे बारशाला पोरांना यात बुडवतात.”

“तो रकाना मी भरणार नाही,” आजी म्हणाल्या. “ज्याचा त्यानं भरावा.”

पुढच्या मंगळवारी साडेपाचऐवजी पाच वाजताच त्या कुंडावर गेल्या, पडद्याबाहेर थांबल्या आणि खाकरल्या. आतून नळाचा आवाज एकदम बंद झाला.

थोड्या वेळाने काका कमरेला टॉवेल गुंडाळून बाहेर आले. नेहमीइतके लाल नव्हते. आजींनी वही त्यांच्यापुढे धरली, मंगळवारच्या पानावर ती लाल फीत खूण म्हणून घातलेली. काकांनी फीत पाहिली, कोरा रकाना पाहिला, मागची पाने चाळली. अकरा वर्षांची पाने बरीच होतात.

“सगळं लिहायचं?” त्यांनी विचारले.

“तारीख छापलेलीच आहे,” आजी म्हणाल्या. “तू फक्त मिनिटं घाल.”

काका शेगडीपाशी बसले आणि त्यांनी पेनासाठी हात पुढे केला.